कॉर्गी टाचा धरतो : कुठून तपासायला सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं

वेल्समधल्या कार्डिफच्या आसपास मी कुत्र्यांच्या ट्रेनिंगचं काम करते. कॉर्गीवाल्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "एरवी गुणी आहे हो, पण पाय हलला की धरतो." मराठी घरातून फोन आला की त्यात आणखी एक भर पडते. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, आईच्या साडीच्या काठावर याचा डोळा आहे, आणि आता आई सोफ्यावरून पाय खाली ठेवायला तयार नाही. उपाय बहुतेक घरांत तेच लागू पडतात, म्हणून क्रमाने लिहून ठेवते. आधी फुकटचे, मग खर्चाचे.

हे सगळं पेम्ब्रोक कॉर्गी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. कार्डिगन कॉर्गीलाही चालेल. शेल्टी (मेंढ्या राखणारी छोटी जात) असेल तर तो धरण्यापेक्षा भुंकण्यावर भर देईल, पण मुळातलं कारण तेच.

लक्षणं

आधी नीट बघा, कारण "चावतो" या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या गोष्टी येतात.

गुरं हाकायची सवय घरात निघाली असेल तर चित्र साधारण असं दिसतं. माणूस चालायला लागतो. कॉर्गीची मान खांद्यांच्या खाली जाते, कान मागे पडतात, नजर चेहऱ्यावर नसून पावलांवर असते. मग मागून, जवळजवळ नेहमी मागूनच, तो धावत येतो, टाच किंवा पँटची कड किंवा साडीचा काठ पकडतो आणि लगेच सोडतो. दोन पावलं मागे सरकून बघतो, तुम्ही पुढे चाललात का. सोबत एखादं तीक्ष्ण भुंकणं. गुरगुर नाही, अंग सैल, तोंड उघडं. तुम्ही थांबलात की त्याचा रस संपतो. मुलं धावली, कोणी जिना उतरलं, व्हॅक्यूम क्लीनर किंवा मॉप फिरायला लागला, दाराची बेल वाजून सगळे एकदम उठले, की हे हमखास घडतं.

दुसरं चित्र असं: तुम्ही स्थिर उभे आहात तरी तो येतो. किंवा त्याच्या ताटलीजवळून गेलात, त्याला उचललं, पाठीवर हात ठेवला, झोपेतून उठवलं, की दात लागतात. अंग ताठ होतं, गुरगुरतो, धरल्यावर सोडत नाही. हे गुरं हाकणं नव्हे. खालच्या उपायांत वेळ घालवू नका, सरळ शेवटच्या दोन भागांकडे जा.

हा असं का वागतो

थोडक्यात सांगते, कारण हे कळल्याशिवाय पुढचं अर्धवट केलं जातं. वेल्समधल्या शेतकऱ्यांनी हा कुत्रा गुरं हाकायला पोसला. गाईच्या मागे जायचं, टाचेला दात लावायचे आणि तिने लाथ झाडायच्या आत खाली दबायचं. पंचवीस-तीस सेंटीमीटर उंचीच्या कुत्र्याच्या डोक्यावरून लाथ निघून जाते. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने १९३४ मध्ये पेम्ब्रोक आणि कार्डिगन या वेगळ्या जाती मानल्या, पण हे काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे बक्षीस. गाय पुढे सरकली की कुत्र्याला त्याचा मोबदला मिळाला, वेगळा खाऊ लागत नाही. तुमची मुलगी किंचाळून पळाली की तोच मोबदला घरबसल्या मिळतो. म्हणून कुत्र्याला "नाही" शिकवण्याआधी माणसांच्या पायांचा बंदोबस्त करावा लागतो. ज्या घरात हा क्रम उलटा होतो तिथून मला दोन महिन्यांनी पुन्हा फोन येतो.

पहिली तपासणी: पाय थांबवून बघा

खर्च शून्य. तो मागे आला की जागच्या जागी थांबा. हात छातीशी, नजर दुसरीकडे, तोंडातून आवाज नाही. तो बाजूला झाला, बसला किंवा नुसता कंटाळून दुसरीकडे बघायला लागला की मगच पुढचं पाऊल, तेही सावकाश.

घरातल्या सगळ्यांनी हे करायला हवं, आणि घोडं इथेच अडतं. चार जण थांबतात, एक जण "अगं बाई!" म्हणून उडी मारतो. कधीतरीच मिळणारं बक्षीस कुत्र्याला जास्त चिकाटीचं बनवतं, त्यामुळे तो एक जण बाकी चौघांच्या मेहनतीवर पाणी फिरवतो. पाच वर्षांखालच्या मुलाकडून ही अपेक्षा ठेवू नका. त्याच्यासाठी पुढे लिहिलेलं गेट.

सुरुवातीचे काही दिवस प्रकार वाढेल. जे आजवर चालत होतं ते अचानक चालेनासं झालं की कुत्रा जास्त जोर लावतो, जास्त भुंकतो, पँट ओढून बघतो. "उपाय उलटा पडला" असं इथे वाटतं आणि लोक सोडून देतात. तेवढे दिवस घरात जाड जीन्स किंवा सरळ गमबूट घाला. दिसायला विचित्र दिसेल, पण गमबुटाला दात लागले तर तुम्हाला ओरडायची गरज पडत नाही, आणि सगळा खेळ तुम्ही न ओरडण्यावरच आहे.

दुसरी: वेळ आणि झोप

फ्रिजवर एक कागद लावा. कधी धरलं, कोणाला, त्या वेळी काय चाललं होतं, तो शेवटचा कधी झोपला होता. आठवडाभर लिहा. शक्य असेल तर मोबाईल एका कोपऱ्यात ठेवून व्हिडिओही काढा. पुढे कोणाला दाखवायची वेळ आली तर तुमच्या वर्णनापेक्षा तो उपयोगी पडतो.

पिल्लू असेल तर कागदावर बहुतेक वेळा संध्याकाळ दिसते. मुलं शाळेतून आली, दंगा झाला, पाहुणे आले, दुपारची झोप बुडाली, आणि सहा-सातच्या सुमाराला पिल्लू पिसाळल्यासारखं पायांवर धावतं. लोक म्हणतात, याची एनर्जी संपत नाही, आणखी फिरवून आणतो. नेमकं उलटं करायला हवं. पिल्लाला दिवसातले अठरा तास झोप लागू शकते. शाळा सुटायच्या आधी त्याला शांत खोलीत किंवा क्रेटमध्ये (झोपायच्या पिंजऱ्यात) तास-दोन तास झोपू द्या. बऱ्याच घरांत निम्मी तक्रार एवढ्यावर मिटते.

साधारण चौथ्या महिन्यापासून पुढे दुधाचे दात पडून नवे येतात. तेव्हा पिल्लू टाचेसकट खुर्चीचा पाय, चप्पल, रिमोट सगळंच चावतं. सगळंच चावत असेल तर दातांचं समजा आणि चावायला योग्य वस्तू द्या. हलणाऱ्या पायालाच धरत असेल तर खाली वाचा.

तिसरी: संधीच देऊ नका

इथे थोडा खर्च आहे, पण बेबी गेटइतकाच. स्वयंपाकघराच्या दाराला एक, जिन्याला एक. जेवणाची घाई, मॉप, व्हॅक्यूम, मुलांची पकडापकडी या वेळांना कॉर्गी गेटच्या पलीकडे, चघळायला काहीतरी देऊन. ही शिक्षा नव्हे, आणि शिक्षेच्या सुरात करूही नका. प्रत्येक यशस्वी झेप म्हणजे त्याचा एक सराव, आणि सराव थांबल्याशिवाय नवीन काही शिकवता येत नाही.

गेट जमत नसेल तिथे हलका, हँडल नसलेला दोन मीटरचा पट्टा घरात हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला) लावून ठेवा. तो झेपावला तर पट्ट्यावर पाय ठेवता येतो; हात घालून मान पकडावी लागत नाही. घरात कोणी असतानाच लावा, एकटा सोडताना काढा, नाहीतर कुठेतरी अडकेल.

साडीचं म्हणाल तर काठ हलतो, जमिनीलगत असतो आणि कॉर्गीच्या नाकाच्या बरोबर उंचीवर असतो. आईंना "घाबरू नका हो, काही करत नाही" सांगून उपयोग नाही, त्यांच्या पायाला दात लागलेत. थोडे आठवडे सलवार-कमीज घातली तर उत्तम. नसेल घालायची तर त्या चालताना घरातल्या कोणीतरी कुत्रा धरायचा. आणि आईंच्या हातून त्याला खाऊ मिळायला लागला पाहिजे, पण त्या बसलेल्या असताना.

चौथी: वजन, खाऊ आणि फिरणं

बरगड्यांवरून बोटं फिरवा. जोर न देता बरगड्या लागल्या पाहिजेत, वरून बघताना कंबर दिसली पाहिजे. लागत नसतील तर कॉर्गी जाड झालाय. लांब पाठ आणि आखूड पाय असलेल्या कुत्र्याला जादा किलो सरळ मणक्यावर पडतो, आणि मणका दुखणारा कुत्रा चिडका होतो. आपल्या घरांत तुपाची पोळी, दूध-भात, "एवढंसं काय होतंय" असं दिवसभर चालू असतं. ट्रेनिंगचा खाऊ त्याच्या रोजच्या खाण्यातूनच बाजूला काढा. आणि शिऱ्यातले बेदाणे अजिबात नाहीत. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्यांची किडनी निकामी करू शकतात. कांदा, लसूण, चॉकलेट हेही नाही.

फिरण्याबद्दल. मोठ्या कॉर्गीला दिवसाला साधारण तासभर पुरतो. प्रश्न वेळेचा कमी, प्रकाराचा जास्त असतो. पार्कात अर्धा तास सलग चेंडू फेकला की कुत्रा दमतो असं वाटतं, पण पळणाऱ्या वस्तूमागे धावायची त्याची धार तेवढीच वाढते आणि घरी आल्यावर तो पळणारी वस्तू शोधत बसतो. त्यापेक्षा लांब पट्ट्यावर त्याला हुंगत हुंगत चालू द्या, गवतात खाण्याचे दाणे विखरून शोधायला लावा, घरी जेवण ताटलीऐवजी दाणे भरायच्या खेळण्यातून द्या. नाक चाललं की डोकं थकतं.

वेल्समध्ये राहणाऱ्यांनी डोंगरावर पट्टा सोडू नये, कितीही शहाणा असला तरी. मेंढ्यांना इजा होईल अशा रीतीने मागे लागणं एवढंच १९५३ च्या पशुधन संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरतं, चावण्याची गरज नाही.

पुण्या-मुंबईत कॉर्गी पाळणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा. दुहेरी केसांचा हा थंड प्रदेशातला कुत्रा, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये फिरणं पहाटे आणि रात्री उशिरा, आणि दिवसभर तो फ्लॅटमध्ये. तिथे नाकाचे खेळ हाच मुख्य व्यायाम. उकडतं म्हणून केस भादरू नका. उन्हापासून आडोसा त्यांचाच असतो, आणि भादरल्यावर ते नीट परत येतीलच असं नाही. गुळगुळीत टाइल्सवर वळताना मागचे पाय सरकतात, ते पाठीला वाईट. येण्याजाण्याच्या वाटेवर सतरंजी किंवा रबरी मॅट टाका.

पाचवी: दुसरं काम शिकवा

वरचं सगळं जमलं की हे. आधी केलंत तर वाया जातं.

हलणारे पाय दिसले की टाचेकडे न जाता माणसाच्या बाजूला येऊन हाताला नाक लावायचं, हे त्याचं नवं काम. बाजूला आलेला कॉर्गी टाच धरू शकत नाही, कारण टाच मागून धरायची असते. सगळी युक्ती एवढीच.

कोणी हलत नसताना सुरुवात करा. तळहात त्याच्या नाकापासून वीतभर अंतरावर धरा. तो हुंगायला आला, नाक लागलं, की "शाब्बास" आणि दुसऱ्या हातातून दाणा. हात पुढे नेऊन नाकाला लावू नका, तो स्वतः आला पाहिजे. दहाबारा वेळा झालं की थांबा, परत संध्याकाळी. हे पक्कं झालं की "नाक" असा शब्द जोडा, किंवा कुठलाही, फक्त घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायचा.

मग हात मांडीच्या बाजूला आणि तुमचं एक पाऊल. दोन पावलं. खोलीभर. जरा झपाझप. मग दोन पावलं पळत. इथवर यायला काही दिवस लागू देत. त्यानंतर चालणारा माणूस दुसरा आणि हात तुमचा: घरातलं कोणीतरी खोलीच्या पलीकडच्या टोकाला सावकाश चालतंय, कॉर्गी तुमच्याजवळ पट्ट्यावर. त्याने पावलांकडे बघितलं की "नाक". तुमच्याकडे वळला तर भरपूर दाणे, एकामागून एक.

हाक मारायची वेळ महत्त्वाची. पावलांकडे बघितलं, ठीक आहे. कान मागे गेले आणि मान खांद्यांच्या खाली उतरली, ही शेवटची संधी. धाव सुटल्यावर ओरडलात तर त्याला ऐकू येत नाही असंच समजा, आणि त्या ओरडण्याने गंमत वाढते. सलग दोनदा चुकला तर अंतर वाढवा किंवा वेग कमी करा, मागच्या पायरीवर या. मुलांचं पळणं आणि किंचाळणं ही सगळ्यात वरची पायरी. तिथे घाई केली की पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

काही कॉर्गींना तोंडात काहीतरी धरलेलं असलं की बरं वाटतं. बेल वाजली की खेळणं उचलून आणायचं, हे त्यांना लवकर जमतं. तोंड भरलेलं असलं की टाचेचा प्रश्नच येत नाही. आणि ज्यांना हौस आहे त्यांनी ट्राइबॉल बघा: मोठे चेंडू नाकाने ढकलत गोलपोस्टमध्ये आणायचे. मेंढ्या-गुरं नसलेल्या घरासाठी छान सोय.

जे करू नका

नाकावर टिचकी, वर्तमानपत्राची सुरळी, पाण्याचा फवारा, नाण्यांचा डबा वाजवणं. त्या क्षणी कुत्रा थांबतो म्हणून हे चालतं असं वाटतं. प्रत्यक्षात तो एवढंच शिकतो की मुलं पळायला लागली की काहीतरी वाईट होतं. मग मुलांबद्दल नावड तयार होते, आणि टाचेपुरतं होतं ते खरं चावणं बनतं. गुरगुरल्याबद्दल तर कधीच रागावू नका. गुरगुर बंद केलीत तर पुढचा इशारा थेट दाताचा असतो. शॉक कॉलरचा सल्ला कोणी दिला तर वेल्समध्ये ती २०१० पासून बेकायदा आहे, आणि जिथे कायदेशीर आहे तिथेही या तक्रारीवर ती वापरणाऱ्याकडे मी माझा कुत्रा देणार नाही.

सहावी: दुखतंय का

इथून पुढे व्हेटचं, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरचं, बिल आहे, पण खालचं काही दिसलं तर हीच पहिली पायरी समजा. मोठा कॉर्गी, आजवर कधी असं केलं नव्हतं, आणि आता अचानक सुरू झालं. सोफ्यावर चढायला कुचरतो. उचलताना कण्हतो. पाठ कमानीसारखी करून उभा राहतो. मागच्या पंजांची नखं वरून घासली गेलीत, फरशीवर चालताना सर्र आवाज येतो.

मणक्यांमधली चकती सरकणं हे या जातीत नेहमीचं दुखणं आहे. म्हाताऱ्या कॉर्गींमध्ये मागचे पाय हळूहळू निकामी करणारा डीजनरेटिव्ह मायलोपथी हा आजारही दिसतो. तो स्वतः दुखत नाही, पण सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटू शकतात आणि फरक घरी ओळखता येत नाही. मागचे पाय ओढायला लागला, तोल जाऊन पडला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर उद्याची अपॉइंटमेंट घेऊ नका. त्याच दिवशी, रात्र असेल तर इमर्जन्सीला, आणि नेताना पाठ सरळ राहील असं आडवं धरून. माणसांची दुखण्याची गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्हीही कुत्र्याला विषारी ठरू शकतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

कातडी फुटली, रक्त आलं. मुलाच्या तोंडाच्या आसपास दात गेले, लागले नसले तरी. स्थिर माणसावर येतो. धरून ठेवतो. अन्नावरून, जागेवरून किंवा एखाद्या माणसावरून गुरगुरतो. घरात रांगणारं बाळ आहे किंवा चालताना तोल जाणारं म्हातारं माणूस आहे. किंवा वरचं सगळं महिना-दीड महिना इमानाने केलंत आणि फ्रिजवरचा कागद तसाच भरतोय. यातलं एकही लागू असेल तर घरचे प्रयोग बंद.

आधी व्हेट, दुखणं नाही याची खात्री करायला. मग त्यांच्याच चिठ्ठीने वर्तनतज्ज्ञ. ब्रिटनमध्ये कोणीही स्वतःला ट्रेनर म्हणवून घेऊ शकतो, परवाना लागत नाही, म्हणून ॲनिमल बिहेवियर अँड ट्रेनिंग कौन्सिलच्या यादीत नाव आहे का ते बघा. विम्यात वर्तनाचा खर्च धरलेला असतो कधीकधी, पॉलिसी वाचा. भारतात कोणाला बोलावण्याआधी विचारा की कुत्रा चुकला तर तुम्ही काय करता. उत्तरात झटका, चेन किंवा "बॉस कोण ते दाखवायचं" आलं तर दुसरा शोधा.

पोस्टमन आणि डिलिव्हरीवाल्यांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये ढिलाई नको. १९९१ च्या धोकादायक कुत्र्यांच्या कायद्यात कुत्रा ताब्याबाहेर असणं हा गुन्हा आहे, इंग्लंड-वेल्समध्ये २०१४ पासून तो तुमच्या घरात आणि बागेतही लागू होतो, आणि प्रत्यक्ष चावा लागत नाही, इजा होईल अशी रास्त भीती वाटली तरी पुरते. त्या भीतीला कॉर्गीचे आखूड पाय आड येत नाहीत. दार उघडण्याआधी तो गेटच्या मागे गेला पाहिजे.

भारतात दातांनी ओरखडा जरी उमटला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. कुत्रा घरचा आहे, लस दिलेली आहे, हे डॉक्टरांना सांगा. पुढे काय करायचं ते त्यांना ठरवू द्या.

तज्ज्ञाची वेळ मिळायला आठवडे लागतात. तोवर मुलं आणि कुत्रा एका खोलीत मोठ्या माणसाशिवाय नकोत, गेट बंद, आणि जाळीची मुसकी हळूहळू सवयीची करून ठेवा. आधी नुसती जमिनीवर ठेवून आत दाणे टाकायचे, बक्कल लावायची घाई नाही. तोंड आवळणारी कापडी मुसकी घेऊ नका, तिच्यात त्याला धापा टाकता येत नाहीत.